मोक्षाचा व्हिसा, नव्वद युरो

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत एक मिशनरी जोडपं राहतं. मिशनरी म्हटल्यावर लगेच पांढरा झगा डोळ्यांपुढे आणू नका. हे तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेतून. दोघांना गुडघ्यांनी थोडं आणि गुरूंनी पुरतं धरलेलं. गुरूंचा संदेश घरोघर पोचवणं हे त्यांचं मिशन. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर कधी येणार असं कुणी विचारलं, तरी आधी त्यांचा सुविचार येतो, मग टँकर.

यंदा त्यांना बढती मिळाली. युरोपातल्या कुठल्याशा खेड्यात त्यांच्या संस्थेचा आश्रम आहे. तिथल्या तीन आठवड्यांच्या सेवा-साधना शिबिरासाठी दोघांची निवड झाली. निवडीचे निकष दोनच: श्रद्धा आणि सहभाग शुल्क. श्रद्धा थोडी मागेपुढे झाली तर चालतं, शुल्क मात्र एकरकमी. शिबिरात करायचं काय? पहाटे ध्यान, मग भांडी घासणं, फरशी पुसणं, बटाटे सोलणं आणि पाळीपाळीने संडास धुणं. अशाने अहंकार झिजतो, असं गुळगुळीत कागदाच्या रंगीत पत्रकात छापलं होतं.

अहंकार झिजवायचा तर आधी शेंगेन व्हिसा काढावा लागतो. मोठ्या माणसाला ९० युरो. २०२४ च्या जूनपर्यंत हेच ८० होते. वैराग्यसुद्धा महागाईतून सुटलेलं नाही. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो हवा, किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा हवा आणि खात्यात पैसा आहे याचा पुरावा हवा. धनसंपत्ती ही सगळी माया, असं कोजागरीला आम्हांला गच्चीवर तासभर समजावणारे काका त्या मायेच्या सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स काढायला नाक्यावर रांगेत उभे होते. अर्जात प्रवासाचा हेतू विचारलेला असतो. पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट, वैद्यकीय उपचार असे पर्याय. ‘मोक्ष’ कुठेच नाही. एजंट म्हणाला, ‘पर्यटनावर खूण करा.’ सगळ्या प्रकरणात खरं बोललेला माणूस तो एकच.

नाही म्हणायला आणखी एक होत्या. काकूंकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी. त्यांचा आणि काकूंचा संवाद आम्ही दारात पेपरचं बिल घेऊन उभे असताना ऐकला.

‘म्हंजे तिकडं जाऊन भांडी घासणार तुम्ही?’

‘भांडी नाही गं, सेवा.’

‘पगार काय देत्यात?’

‘पगार कसला? उलट आपणच पैसे भरायचे.’

मावशींनी हातातली कढई खाली ठेवली. ‘मग हितंच घासा की, ताई. मी घेते पैसं.’

काकूंनी ‘तुला नाही कळायचं’ म्हणून विषय मिटवला. मावशींना दुसरं एक मात्र चटकन कळलं: घर तीन आठवडे बंद, म्हणून तीन आठवड्यांचा पगारही बंद. अहंकार काका-काकूंचा झिजणार होता आणि त्याचा खाडा मावशींना पडणार होता.

आता काका-काकूंना एकटंच कशाला बोलायचं? ही वाट जुनी आहे आणि तिच्यावर बडेबडे चालून गेलेत. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून उठून आचार्य रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनला गेले. सुमारे ६४ हजार एकरांच्या माळावर शिष्यांनी नगर वसवलं. रस्ते, धरण, विमानांची धावपट्टी, सगळं त्यांच्या अंगमेहनतीवर. तिथे कामाला काम म्हणायचं नाही, ‘वर्शिप’ म्हणायचं. पूजेला ओव्हरटाइम मागता येत नाही, ही त्यातली खरी खुबी. शिष्य बारा-बारा तास पूजा करत आणि गुरूंच्या दारात रोल्स-रॉइस गाड्यांची संख्या नव्वदच्या पुढे गेली. १९८५ मध्ये सगळं कोसळलं, पण युक्ती टिकली.

आणि हे फक्त आपल्याकडचे गुरूच करतात असंही नाही. १९९८ मध्ये ‘मिच’ वादळाने होंडुरास उद्ध्वस्त झालं. उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून सेवाभावी मंडळींची पथकं एकामागून एक घरं बांधायला धावली. कर्ट व्हर बीक नावाच्या अभ्यासकाने पुढे हिशेब मांडला, तेव्हा पाहुण्यांनी बांधलेलं घर त्यांच्या प्रवासखर्चासकट साधारण ३० हजार डॉलरला पडलं होतं; तिथल्याच संस्थांनी बांधलेलं, २ हजारांना. घर कुणी बांधलं याने त्यात राहणाऱ्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला नव्हता. एका घराच्या पैशात पंधरा घरं उभी राहिली असती. पण मग हातात थापी धरून फोटो कुणी काढायचा?

कामातून माणूस घडतो हे खोटं नाही. जपानमध्ये क्योटोजवळ इत्तोएन नावाची वसाहत आहे. निशिदा तेन्को यांनी १९०४ च्या सुमारास तिची सुरुवात केली. तिथली माणसं अनोळखी घराच्या दारात जाऊन वाकून विचारतात, ‘तुमचा संडास धुऊ का?’ शुल्क भरायचं नाही, घ्यायचंही नाही आणि घरमालकाने नको म्हटलं तर निमूट पुढच्या दारात जायचं. इतकं लांबही जायला नको. १९३२ मध्ये आपल्या कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी सफाईचं काम मागितलं. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही, असं उत्तर मिळालं. अप्पासाहेबांनी आहार तोडला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी उपोषणाला बसले. झाडू हातात मिळावा म्हणून उपास. त्या झाडूमागे जात होती आणि ती मोडायची होती. आमच्या शिबिराच्या झाडूमागे कॅमेरा होता.

काका-काकू सुखरूप परतले. ग्रुपवर फोटो आले: काका रबरी हातमोजे घालून कमोडशेजारी प्रसन्न, काकू एप्रन बांधून बटाट्यांच्या ढिगापुढे समाधिस्थ. रविवारच्या सत्संगात अनुभवकथन झालं. ‘हलकं वाटतंय,’ काका म्हणाले. खिशाच्या बाजूने आम्हीही सहमत होतो. मग चहा झाला. काका बोलत बोलत उठले, कप तिथेच राहिला. सोमवारी मावशींनी धुतला.

त्याच आठवड्यात आमचा सफाईवाला गावी गेला. जिन्यावर पानाच्या पिचकाऱ्या, पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी फुटलेल्या दुधाच्या पिशवीचा वास. सेक्रेटरींनी मोठ्या आशेने तिसऱ्या मजल्याची बेल वाजवली. तयार, प्रशिक्षित, परदेशातून शिकून आलेली माणसं घरात असताना बाहेर कशाला शोधायचं? काका दारातूनच म्हणाले, ‘इथे ती ऊर्जा नाही हो.’ ऊर्जा होती. प्रेक्षक नव्हते.

तेव्हा पुढच्या शिबिराच्या यादीत नाव घालायच्या बेतात असलेल्या समस्त साधक-साधिकांना विनंती. अहंकार झिजवायचा असेल तर खुशाल झिजवा. आमच्या इमारतीला चार मजले आहेत, लिफ्ट नाही, बादली वॉचमनच्या खोलीत आहे. व्हिसा लागत नाही, विमा लागत नाही, हेतू विचारला जात नाही. आणि तरीही विमानानेच जायचं ठरलं असेल, तर निघण्यापूर्वी मावशींचा तीन आठवड्यांचा पगार देऊन जा. ती सेवा नाही, तो त्यांचा हक्क आहे.