ओटी कोणाची भरायची, ताई?

ग्रुपवरच्या पुण्याच्या आदरणीय ताईंस,

सा. न. वि. वि.

बघा, लघुरूपं आम्हालाही येतात. चि., सौ., ह. भ. प., मु. पो., आणि शेवटी ज्यात सगळ्यांनाच जायचं ते कै. शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा लग्नपत्रिकेवरचं 'चि. सौ. कां.' अचूक ओळखते. त्यामुळे मंगरूळपीरचा कोणी अडाणी माणूस उगाच गळा काढतोय, असा समज करून घेऊ नका. त्यातून माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. केवायसी, डीबीटी, ओटीपी, आयएफएससी यांच्यावरच माझी चूल पेटते. तरीही तुमच्या एका मेसेजनं आमच्या घरात जे झालं ते तुम्हाला कळलंच पाहिजे. तुमची बाजू ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी आज नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

मी ग्रुपवर नवा. लिहिलं होतं एवढंच: मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, डॉक्टरांनी जीडीडी लिहिलंय, काय करावं? ग्रुपवर शेकडो आईबाप. मध्यरात्र उलटल्यावर उत्तर आलं ते तुमचं एकटीचं. 'दादा घाबरू नका. बेरा झाली नसेल तर आधी बेरा. मग डीए. ओटी लगेच सुरू करा, ओटीला उशीर नको. एसटी पण लावा. एसआयचं सेटअप आहे का बघा. ईआय महत्त्वाचं. डीईआयसीला जाऊन या, यूडीआयडी नंतर.' खाली जोडलेले हात.

यात 'घाबरू नका' तेवढं समजलं. घाबरवलं उरलेल्यानं.

सकाळी पोराच्या आईनं तो मेसेज स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचला. माझी माय तांदूळ निवडत बसली होती. 'ओटी लगेच सुरू करा, उशीर नको' एवढं तिच्या कानावर पडलं आणि ती ताडकन उठली. 'मी तं कवाची सांगून राह्यली, माहूरच्या देवीची ओटी राह्यली म्हून! पुन्याच्या बाईले समजलं, तुमाले नाई समजलं.' तिनं पेटीतून खण काढला, नारळ काढला, आणि निवडलेल्या तांदळातल्याच पाच मुठी बाजूला ठेवल्या. तुमच्याबद्दल तिचं मत तेव्हापासून फार चांगलं आहे.

सुनेला मात्र वेगळीच ओटी आठवली. आमचं पोरगं सिझरचं. स्ट्रेचरवरून नेताना तिनं वाचलेली शेवटची पाटी याच दोन अक्षरांची होती, दारावर, लाल रंगात. तिच्यासाठी ओटी म्हणजे ते दार. न बोलणाऱ्या पोराची ओटी म्हणजे कशाचं ऑपरेशन, हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. ती एक शब्द बोलली नाही. पोराला मांडीवर घेऊन त्याच्या केसांत बोटं घालून बसली, कापतील ती जागा आधीच शोधून ठेवावी तशी. तव्यावरची पोळी करपली.

मी दुपारी दुकान बंद करून जेवायला आलो, तर एका खोलीत खणानारळाचं ताट आणि दुसऱ्या खोलीत उपाशी बाई. ताई, तुमच्या दोन अक्षरांचे एका घरात दोन अर्थ निघाले, आणि दोन्ही तुमचे नव्हते.

तुमची ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. म्हणजे पोराला झोक्यावर बसवायचं, कणीक मळायला द्यायची, मणी ओवायला लावायचे, बटण लावायला, घास स्वतःच्या हातानं तोंडात घालायला शिकवायचं. 'पोराला खेळातून हातापायाची कामं शिकवणाऱ्या बाई असतात, त्यांच्याकडे न्या.' एवढी ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? शेलूबाजारचा म्हातारा शेतकरी माझ्या काउंटरवर टेकून विचारतो, 'डीबीटी काय असते बाप्पा?' मी म्हणतो, 'पैसे सरळ तुमच्या खात्यात.' त्याचं समाधान होतं, माझं काम होतं. त्याला मी संपूर्ण इंग्रजी नाव सांगत नाही आणि नुसती तीन अक्षरं तोंडावर फेकूनही मारत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात आटोपतो. डीए म्हणजे पोराची वाढ कुठवर आली ते तपासणं, एसआय म्हणजे स्पर्श, आवाज, तोल यांची सवय लावणारी थेरपी, यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र. तुमची एसटी म्हणजे बोलायला शिकवणं. आमची एसटी लाल असते आणि डेपोतून सुटते. तुमच्या एसटीसाठी आमच्या एसटीत बसून अकोल्याला जावं लागतं. १९९८ साली आमचा वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, पण दुखणं घेऊन आम्ही अजून अकोल्यालाच जातो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. पीटी म्हणजे शाळेतली कवायत नव्हे, फिजिओथेरपी. यवतमाळच्या एका बापाला कोणीतरी विचारलं, 'आयडी आहे का?' त्यानं बिचाऱ्यानं आधार कार्डाचा फोटो टाकला. विचारणारीला बौद्धिक अक्षमता म्हणायचं होतं. मग ग्रुपवर दोन आया भांडल्या, एकीची टेस्ट एनआयएमएचची, दुसरीची एनआयईपीआयडीची, कोणाची खरी? दोन्ही नावं सिकंदराबादच्या एकाच संस्थेची. १९८४ साली निघालेल्या त्या संस्थेचं नाव बदललं, आणि इकडे दोन बायकांचं बोलणं बंद झालं.

सरकारबद्दल काय बोलावं? लहान मुलांच्या तपासणीची आरबीएसके ही मोठी योजना २०१३ साली आपल्याच पालघरला सुरू झाली. तिच्यात मुलांच्या अडचणींचे चार डी केले आहेत: जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर. आमचं पोरगं चौथ्या डीमध्ये. थ्रीडी सिनेमा ऐकून होतो, हा चौथा घरातच निघाला. डीईआयसी हे त्याच योजनेतलं जिल्ह्याचं केंद्र, जिथं असा उशीर लवकर ओळखून उपचार सुरू करायचे. ईआय म्हणजे तेच, लवकर सुरुवात करणं. मग 'लवकर सुरुवात करा' असंच का लिहीत नाही? १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, स्वमग्नतेचं, म्हणजे एएसडीचं, नाव त्यात नव्हतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि ती यादीत आली. चांगलं झालं. पण प्रकार वाढले तशी अक्षरंही वाढली, आणि ती पाठ करायचं काम आईबापांवर पडलं.

आणि जिच्यामुळे हे सुरू झालं ती डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर एका ओळीत जीडीडी, प्रश्नचिन्ह, एएसडी, बेरा, ओटी, एसटी, आणि पुढचा पेशंट. मला काहीतरी सांगायचं होतं. पोरगं दुकानात आलं की झेरॉक्सच्या काचेला गाल लावून उभं राहतं. झाकणाखालून हिरवा उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकतो, तशी त्याची मान सरकते. उजेड परत येईपर्यंत ते श्वास रोखून धरतं, आणि आला की दोन्ही हात झटकून हसतं. हाक ऐकून वळत नाही, पण मशीन सुरू करायचं बटण दाबलेलं त्याला मागच्या खोलीत कळतं. हे चांगलं लक्षण की वाईट? बेरा म्हणजे झोपलेल्या मुलाच्या कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी, जीडीडी म्हणजे वाढीच्या एकाहून जास्त बाबतींत मागे असणं, आणि हा शब्द फक्त पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी वापरतात, पुढे पुन्हा तपासून नेमकं काय ते ठरवतात, हे मला कोणी का सांगितलं नाही? फी घेतली होती ना? माझ्या पोराचं अख्खं वागणं तीन अक्षरांत गुंडाळायला तुम्हाला लाज कशी वाटली नाही? त्या तीन अक्षरांचा अर्थ मला मध्यरात्री अनोळखी बाईला विचारावा लागला.

हे तुम्हाला नव्हतं, ताई. राग तिकडचा आहे, निघाला तुमच्यावर.

कारण त्यानंतर मी एक काम केलं. ग्रुपवरचे जुने मेसेज उलटे वाचत गेलो आणि दुकानातल्या वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर अक्षरं आणि त्यांचे अर्थ लिहीत गेलो. त्यात तुमचा एक आवाजातला मेसेज सापडला. कोणीतरी तुम्हाला सविस्तर लिहा म्हणून टोचलं होतं. तुम्ही म्हणालात, 'अगं, एका हातानं लिहिते मी. दुसरा हात त्यानं धरलेला असतो, सोडला की ओरडतो.' मागे तो एकाच सुरात गुणगुणत होता. चांगला फुटलेला आवाज होता, मोठ्या मुलाचा. तुमचा मुलगा एवढा मोठा असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आणि त्याच्या खाली, काही दिवसांनंतरचा तुमचा दुसरा मेसेज: 'एलजी अजून झालं नाही. एलएलसीची मीटिंग परत पुढे गेली. याचं अठरा झालं. बँक ऐकत नाही. काय करू समजत नाही.'

आधी हा मेसेज दिसला असता तर मीही एलजी म्हणजे टीव्ही समजून पुढे गेलो असतो. आता कागदावर अर्थ लिहिला आहे. एलजी म्हणजे कायदेशीर पालकत्व. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते सज्ञान, त्याच्या वतीनं सही करायचा आईबापांचा हक्क तिथं संपतो. मग १९९९ च्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली अर्ज करायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती, म्हणजे तुमची एलएलसी, आईला तिच्याच मुलाची पालक म्हणून नेमते. अठरा वर्षं हात न सोडलेल्या बाईला!

त्या मेसेजखाली ग्रुपनं काय लिहिलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. कोणी काहीच लिहिलं नव्हतं. अंगठे होते. ओळीनं अंगठे, कारण अक्षरं कोणाला कळली नव्हती आणि सगळ्यांना वाटलं असणार, ताईंनी काहीतरी उपयोगी माहिती टाकलेली दिसते. तुम्ही मदत मागत होता आणि आम्ही छान-छान म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुन्हा कोणाला तरी ओटी आणि एसटी समजावून सांगत होता.

आता कामाचं बोलतो. त्या अर्जाचं अजून अडलं असेल तर मला सांगा. साइट मधेच बंद पडते, फोटो मोठा झाला की घेत नाही, सही तिरकी आली की परत पाठवते, हे माझं रोजचं आहे. बँकेला द्यायचं पत्रही मी करून देतो, मराठीत, पूर्ण वाक्यांत. तुमचं आणि मुलाचं आधार, त्याचा जन्माचा दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि पासबुकाचं पहिलं पान एवढं तूर्त पाठवून द्या. पैसे घेणार नाही. मायनं तुमच्या नावानं वेगळा खण काढून ठेवला आहे, माहूरला गेलो की तोही नेऊ. हे मी तिला समजावायच्या भानगडीत पडलेलो नाही.

कागदांचे नुसते फोटो नको, पीडीएफ करून पाठवा. पीडीएफ म्हणजे काय ते मात्र मला विचारू नका.

आपला,
चि.चा बाप
मु. पो. ता. मंगरूळपीर, जि. वाशिम