दुःखपटांचे नाना

नानांना सिनेमा आवडला की बाहेर पडताना त्यांच्या चेहऱ्यावर सुतक असतं. पडद्यावर कुणी हसलं की त्यांना दिग्दर्शकाचा संशय येतो. गाणं आलं तर ते चपला शोधू लागतात. पुण्यात 'पिफ' हा चित्रपट महोत्सव सुरू झाला की गळ्यात पास अडकवून सकाळच्या पहिल्या खेळाला रांगेत हजर. "अर्धं थिएटर उठून गेलं!" हे त्यांचं सर्वोच्च प्रशस्तिपत्रक.

सध्या त्यांनी 'टायरॅनोसॉर' लावून धरलाय. पॅडी कॉन्सिडाइनचा, २०११चा, इंग्लंडातल्या लीड्समध्ये चित्रित झालेला. सुरुवातीलाच संतापाने पिसाळलेला जोसेफ स्वतःच्याच कुत्र्याला लाथ घालतो आणि ते बिचारं मरतं. पुढे हाच माणूस एका धर्मादाय दुकानात कपड्यांच्या स्टँडमागे दडून बसतो. तिथली देवभोळी हॅना, ओळख ना पाळख, त्याच्यासाठी प्रार्थना करते. तो तिलाच घालूनपाडून बोलतो. पण हॅनाचा सभ्य दिसणारा नवरा घरात तिचे काय हाल करतो ते पाहिलं, की जोसेफ परवडला म्हणायची वेळ येते. हॅना झालेल्या ऑलिव्हिया कोलमनला पुढे 'द फेव्हरिट'साठी ऑस्कर मिळालं. माझ्या मते ते इथेच द्यायला हवं होतं. तेव्हा सिनेमाबद्दल नानांशी माझा वाद नाही.

वाद नानींचा आहे. लग्नाच्या वाढदिवसाला व्याही-विहीण जेवायला आले आणि नानांनी हाच लावला. कुत्रं मेलं तशी विहीणबाईंनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. नाना मात्र डोळे पुसत होते. "दोन पोळलेले जीव! माणूस माणसाला भेटतो तो असा!"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. कुंड्यांचं पाणी गळतं म्हणून त्या बिऱ्हाडाशी नानांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. नानांनी ताडकन सिनेमा थांबवला आणि सोसायटीच्या चेअरमनला फोन लावला. करुणरस ओसरून तक्रारअर्जाची भाषा सुरू झाली, कलमांसकट.

नानी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "त्या दुकानात तुम्ही असतात ना, तर त्याला वॉचमनकरवी बाहेर काढलं असतंत."

नाना म्हणाले, "तुला वास्तववाद कळत नाही."

येत्या रविवारी त्यांच्याकडे बेला टारचा 'सातानटँगो' आहे. सात तासांहून मोठा. आमंत्रण तुम्हालाही येईल. जाणार असाल तर जेवून जा; नानी त्या दिवशी बहिणीकडे आहेत.