आलात का!

सुलतानपूरचा नवोदित वयाने चोवीस, शिक्षणाने एम.ए. मराठी, घरच्यांच्या हिशेबाने रिकामा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘साहित्यिक’ असतो. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर. बाकी सगळीकडे टोपणनाव आणि त्याला शेपूट ‘सुलतानपूरकर’. त्यामुळे बँकेत खातं एकाचं आणि कविता दुसऱ्याची, असा घोळ झालेला आहे. पण कवितेचे पैसे खात्यात जमा व्हायची वेळ अजून न आल्यामुळे तो कोणाच्या लक्षात आलेला नाही.

लोणार तालुक्यात जन्म घेतलाय म्हटल्यावर सरोवरावर कविता करणं जावळाइतकंच अटळ. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा शास्त्रज्ञांनी नमुने नेले, तपासले आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांवर ठपका ठेवला. नवोदिताला इतका धीर कुठला! सरोवर लाजल्याचं त्याने पहिल्याच रात्री जाहीर करून टाकलं. तालुक्यातल्या इतर नवोदितांनीही त्याच रात्री तेच जाहीर केलं. मग मूळ लाज कोणाची, यावरून ग्रुपवर अशी जुंपली, की अ‍ॅडमिनला ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ हे बटण दाबावं लागलं.

परंपरेचा अभ्यास मात्र पक्का. शेजारच्या मेहकरला वकिली करता करता ना. घ. देशपांडे कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात 1930 च्या दशकातच तबकडीवरून गाजली, आणि त्याच नावाचा संग्रह निघाला 1954 साली, कवी पंचेचाळिशीला टेकल्यावर. आधी लोकांच्या तोंडी, मग पुस्तकात, हा क्रम नवोदिताला मान्य नाही. त्याच्या तीन संग्रहांची नावं, अर्पणपत्रिका आणि मुखपृष्ठं तयार आहेत. कविता तेवढ्या व्हायच्यात. ना. घं.ना साहित्य अकादमी मिळाली 1986 साली. मग ‘बारोमास’साठी सदानंद देशमुखांमुळे ती पुन्हा बुलढाणा जिल्ह्यात आली, 2004 साली. नवोदिताने वजाबाकी केली. अंतर अठरा वर्षांचं. म्हणजे आपली पाळी 2022 ला. ते साल नुसतंच गेलं. आता तो 2040 ची तयारी करतोय.

त्या तयारीचाच भाग म्हणून प्रस्तावना हवी. आणि प्रस्तावना द्यायची तर आवडत्या लेखकानेच. हे लेखक संभाजीनगरला राहतात. त्यांची सगळी पुस्तकं याने वाचलीत असं नाही, पण मलपृष्ठं सगळी पाठ. सोबत एक मित्र घेतला. तो गावात मोटारी, स्प्रिंकलर, पाइपलाइन दुरुस्त करतो.

“मी काहून येऊ? मले काय कळते कवितेतलं?”

“तुले फोटो काढता येते ना? झालं तं मग!”

आईने लेखकांसाठी घरच्या तुरीची डाळ बांधून दिली. पहाटेची एसटी. बिबी, दुसरबीड, सिंदखेडराजा, जालना. वाटभर नवोदित पहिलं वाक्य घोकत होता. “सर, आपण माझं श्रद्धास्थान आहात.” जालन्यानंतर त्याने ‘श्रद्धास्थान’ बदलून ‘ऊर्जास्रोत’ केलं.

पुढचं मित्राकडून कळलेलं. दार उघडलं ते बनियन-लुंगीतल्या खुद्द लेखकांनी. नवोदित तोंड उघडणार, इतक्यात लेखकच म्हणाले, “आलात का! कधीची वाट पाहतोय!”

ऊर्जास्रोत घशातच अडकला.

“या, या, आत या. बेसिनचं पाणी जातच नाहीये.”

नवोदित उभ्या जागी थिजला. मित्राने मात्र बाह्या सारल्या, बेसिनखाली वाकला, घरातला पाना मागून घेतला आणि पाइप उघडला. लेखक शेजारी उकिडवे बसले. गाव कुठलं, पाऊस कसा, सोयाबीनला भाव काय मिळाला, सगळी चौकशी झाली, मित्राशी. नवोदिताशी संपूर्ण भेटीत एकच वाक्य आपुलकीने बोललं गेलं, “धरा जरा हा.” तो पाना होता.

पाणी खळखळ गेलं. लेखक प्रसन्न झाले. नवोदिताची कवितांची वही उघडून त्यांनी मधलंच एक पान पाहिलं आणि नवोदितांसाठी राखून ठेवलेलं वाक्य उच्चारलं, “लिहीत राहा.” प्रस्तावनेचं दिवाळीनंतर बघू, असं ठरलं. दिवाळी कुठली, हे ठरलं नाही. लेखकांच्या घरच्या बाईंनी डाळ मुठीत घेऊन वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला आणि “पुढच्या वेळी पाच किलो आणा, पैसे देईन,” असं सांगितलं. वहीपेक्षा पिशवीचं समीक्षण जास्त तपशीलवार झालं.

फोटोत नवोदित, लेखक आणि ओल्या हातांचा मित्र. नवोदिताने मित्राला कापलं. पण लेखक नेमके मित्राकडेच बघत होते, त्यामुळे आता ते चौकटीबाहेर कुठेतरी बघताना दिसतात. खाली ओळ आहे, ‘द्रष्ट्याच्या सहवासात.’

भेटीची खरी गंमत पुढे सुरू झाली, सुलतानपूरच्या फाट्यावर, चहाच्या टपरीत. “सरांनी स्वतः दार उघडलं आणि म्हणाले, आलात का! कधीची वाट पाहतोय!” यात एक अक्षर खोटं नाही. फक्त बेसिन गाळलेलं. पुढच्या वेळी पाना जाऊन तिथे पेन आला. सरांनी स्वतःचा पेन हाती दिला, “धरा जरा हा.” मग बाईंनी “पुढच्या वेळी” म्हटल्याचं आलं, तेही कापऱ्या आवाजात. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे चहाचा घोट घ्यायचा, हे त्याला आपोआप साधू लागलं. त्याची कविता सुरू झाली, की पैसे देऊन उठणारी माणसं हा किस्सा मात्र ऐकत बसतात. लोणारच्या काळीपिवळीचा ड्रायव्हर गाडी भरली तरी हलत नाही. आणि मित्र? तो आधी खाली मान घालून हसायचा. परवा मध्येच म्हणाला, “अन् सरांनी खांद्यावर हात ठेवला होता, थे सांग ना!”

कोपऱ्यातले निवृत्त गुरुजी डोळे पुसत म्हणाले, “अरे बापू, सरोवर-बिरोवर सोड. हे लिहून काढ, हे!”

नवोदिताला गुरुजींची कीव आली.

“हे काय लिहायचं गुरुजी? हे तं खरं घडेल हाये!”