जावईबापू क्वालिटीवाले

अंबडच्या कारखान्यात क्वालिटी बघणारा माणूस बाप झाला की त्याचं काय होतं, हे बघायचं असेल तर संध्याकाळी पंचवटीत त्याच्या सासुरवाडीला जावं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको तिथे. हा रोज शिफ्ट सुटली की मुंबई नाका आणि द्वारका शिव्या देत ओलांडतो आणि हात साबणाने धुऊन खोलीच्या दारात उभा राहतो.

माणूस मनाने चांगला, हे आधीच सांगून टाकतो. याच्या वडिलांनी याला पहिल्यांदा पाहिलं ते थेट बारशाला, आणि ते हे अजून अभिमानाने सांगतात. याला तसला बाप व्हायचं नाही. याला सगळं वाटून घ्यायचंय. पण वाटून घेणार काय? बायकोला पगारी रजा 26 आठवडे. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला 15 दिवस. खासगीतल्या बापाला कायदा काहीच देत नाही, साहेब देतील ते खरं. साहेबांनी तीन दिवस दिले आणि पेढ्यांचा बॉक्स ठेवून घेतला.

घरात तर त्याहून पंचाईत. पडला जावई! लंगोट पिळायला हात पुढे केला की सासूबाई दचकतात. ‘अहो, तुम्ही कशाला? बसा, चहा टाकते.’ चहा पिऊन पिऊन बिचाऱ्याला पित्त झालं. मालिशवाल्या मावशी मात्र जावईबिवई मानत नाहीत. ‘दादा, उजेडातून सरका.’ त्यांनी पाय पसरून लेकीला त्यावर पालथं घातलं की हाच डोळे मिटून घेतो.

बाळगुटीवरून त्याने एकदा तोंड उघडलं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, असं डॉक्टर म्हणतात, वगैरे. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘तुमच्या बायकोला याच सहाणेवर वाढवलंय.’ यावर क्वालिटीवाला काय बोलणार? नमुना समोरच डिंकाचा लाडू खात बसलेला. शेवटी डॉक्टरांनीच सासूबाईंना सांगितलं, तेव्हा कुठे सहाण फळीवर गेली.

मग त्याने आपलं हुकमी शस्त्र काढलं: एक्सेल. दूध, झोप, शू, शी. शीच्या रकान्यात रंगसुद्धा. चौथ्या दिवशी वजन 180 ग्रॅमनी उतरलेलं दिसलं आणि गड्याने रात्री अकराला डॉक्टरांना उठवलं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यांत भरून येतं, असं त्यांनी जांभई देत सांगितलं. याने शेऱ्यात लिहिलं: ‘घट मान्य’. जन्मनोंदीला कायदा 21 दिवस देतो. हा तिसऱ्याच दिवशी महापालिकेत. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘अहो, दवाखान्याकडून कागद तर येऊ द्या!’

शनिवारी तो मुक्कामाला असतो. सिंहस्थाची पर्वणी बारा वर्षांनी येते, इथे दर दोन तासांनी. प्रत्येक पर्वणीला हा उठून बसतो. बायको म्हणते, ‘अरे, तू झोप ना. दोघांनी जागून काय होणार?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याला तो लागतो. पुढच्या शनिवारी मात्र तिनेच दूध पाजून लेक त्याच्या खांद्यावर टाकली आणि कूस बदलली. ढेकर काढण्याचं खातं त्या रात्रीपासून त्याच्याकडे आलं. आता सोमवारी कारखान्यात गेला की शर्टाच्या खांद्यावरचा पांढरा डाग तो मुद्दाम झाकत नाही.

बारशाला सासऱ्यांनी सराफ बाजारातून चांदीचे वाळे आणले, आत्याबाई पैठणी नेसून आल्या. बापाला बारशात तसं काही काम नसतं. याने काढलं. पाळण्याच्या हुकाला सकाळीच तांदळाचा कट्टा टांगला.

‘अहो, बाळ साडेतीन किलोचं,’ सासरे म्हणाले, ‘आणि कट्टा पंचवीसचा?’

‘फॅक्टर ऑफ सेफ्टी, बाबा.’

हूक पक्का निघाला. कट्ट्याची शिवण उसवली. पाहुणे अकराला यायचे होते आणि दिवाणखान्यात सोफ्याखालपर्यंत इंद्रायणी. सासूबाईंनी एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बिनसंकोच काम सांगितलं. ‘हे घ्या सूप. बसा भरायला. आणि निवडून भरा!’