अर्धा आटा ढिला

रेडिओ-नियंत्रित ट्रक, म्हणजे खऱ्या वाहनाच्या साधारण एक-दशांश मापाचा आणि हातातील रिमोटच्या रेडिओलहरींवर धावणारा विजेचा ट्रक, याच्या रचनेत स्लिपर क्लच नावाचा जो लहानसा भाग असतो, त्याचे काम मोटरची शक्ती चाकांपर्यंत नेणे हे जितके आहे, तितकेच योग्य क्षणी ती नेण्यास नकार देणे हेही आहे. आणि वसई-विरार परिसरातील एखाद्या प्रौढ गृहस्थाच्या हाती असा ट्रक आल्यानंतर त्या घरात जे काही घडते, त्याचे मूळ बहुधा या नकाराचा सन्मान न राखण्यात सापडते.

या नकाराची यंत्रणा अशी. मोटरच्या दांड्यावर पिनियन हे छोटे पोलादी दातेरी चाक बसवलेले असते व ते स्पर गिअर या मोठ्या, बहुधा प्लास्टिकच्या, दातेरी चाकाला फिरवते. परंतु हा स्पर गिअर पुढील दांड्याला पक्का जोडलेला नसून दोन तबकड्यांच्या मध्ये घर्षणाच्या पॅडांनी दाबून धरलेला असतो, हा दाब स्प्रिंग देते, आणि स्प्रिंगने किती दाबावे हे तिच्या टोकाचा नायलॉक नट, म्हणजे आतील नायलॉनच्या कड्यामुळे हादऱ्यांनी आपोआप न सुटणारा नट, ठरवतो. त्यापुढे गिअरबॉक्स आणि वळणावर आतील व बाहेरील चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल येतो. धक्का ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तबकड्या व स्पर गिअर एकमेकांवर घसरतात आणि पुढचे दात वाचतात. विरार लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा आला असता तिघेही थोडेथोडे सरकतात आणि कोणाचीही हाडे मोडत नाहीत, तसाच हा व्यवहार आहे. मोटारसायकलीतही याच नावाचा क्लच असतो, मात्र त्याचे प्रयोजन वेगळे असल्यामुळे हा प्रश्न नाक्यावरच्या मेकॅनिककडे नेल्यास उत्तर ठामपणे मिळते, परंतु ते मोटारसायकलीचे असते.

जुळवणीची रूढ पद्धत अशी की नट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळावा आणि तेथून सुमारे अर्धा ते पाऊण आटा मागे फिरवावा, व नंतर ट्रक मातीवर उभा करून एकदम सोडावा. पहिल्या दोन-तीन फुटांत बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊन मग चाकांनी पकड घेतली, तर जुळणी साधली असे समजावे. कृतीचा पहिला अर्धा भाग गृहस्थ अत्यंत निष्ठेने पार पाडतो. दुसऱ्या अर्ध्या भागाला मात्र त्याचे संस्कार आड येतात, कारण टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या माणसाला नळ, कॉक किंवा नट यांपैकी काहीही जाणूनबुजून ढिले सोडणे हा नैतिक अपराध वाटतो, आणि आवळून झालेली वस्तू पुन्हा सैल करावी, असे सांगणाऱ्या माहितीपुस्तिकेकडे तो छपाईची चूक म्हणून पाहतो.

गच्च आवळलेल्या नटाचे परिणाम सोसायटीच्या आवारातच दिसू लागतात. पेव्हर ब्लॉकवर पकड चांगली असल्याने ट्रक सुटताक्षणी मागच्या चाकांवर उभा राहतो, याला जमलेली मुले टाळ्या देतात, आणि गृहस्थ त्या टाळ्यांना तांत्रिक दुजोरा समजतो. पुढे गतिरोधकावरून उडी मारण्याचा प्रयोग होतो. ट्रक हवेत असताना अंगठा आणि बोट यांना आवरणे हे या विद्येतील सर्वांत कठीण संयमन होय, कारण थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरील वेगाचा खटका, दाबलेला राहिला तर अधांतरी चाके वेडीवाकडी गती घेतात आणि जमिनीला टेकताच त्यांची गती एकाएकी तुटून तो सर्व धक्का उलट दिशेने गिअरबॉक्समध्ये शिरतो. क्लच सरकायला तयार नसेल तर त्या धक्क्याची वसुली स्पर गिअरच्या दातांकडून केली जाते. उलटपक्षी नट फारच ढिला ठेवला तर क्लच सतत घसरत राहून तापतो, प्लास्टिक मऊ पडते, आणि जो जळका वास सुटतो त्याचा संशय घरात काही काळ मिक्सरवर घेतला जातो.

दातांचे गणित येथे सांगणे आवश्यक आहे. टेक्सासमधील ट्रॅक्सास कंपनीच्या २००८ साली आलेल्या स्लॅश या ट्रकाच्या दोन-चाकी-चालनाच्या साध्या आवृत्तीत स्पर गिअरला ८६ व पिनियनला १९ दात असतात, गिअरबॉक्सचे आतील प्रमाण २.७२ असते, आणि ८६ भागिले १९ गुणिले २.७२ केले असता १२.३१ येते, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी मोटरला सव्वाबारांहून थोडे अधिक फेरे घालावे लागतात. पिनियन २३ दातांचा बसवला तर हा आकडा १०.१७ वर उतरतो व वेग सुमारे एक-पंचमांशाने वाढतो. मोटरही त्याच हिशेबाने तापते, पण ही बाब वेगाच्या चर्चेत सहसा निघत नाही. पिनियन बदलल्यावर दोन चाकांच्या दातांमध्ये किती फट असावी, हे ठरवण्यासाठी वीजबिलाच्या कागदाची पट्टी मध्ये घालून फिरवतात. ती न फाटता नागमोडी घड्या घेऊन बाहेर आली की काम झाले. वीजबिलाचा याहून समाधानकारक उपयोग आजवर कोणी दाखवलेला नाही.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांमधून यंत्रांचे सुटे भाग तयार होतात, त्यामुळे तुटलेला गिअर घेऊन तेथे जाण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु हे दात ४८ पिचचे, म्हणजे एक इंच व्यासामागे ४८ या इंची हिशेबाचे, असतात. ८६ दातांच्या चाकाचा पिच-व्यास त्यानुसार साडेपंचेचाळीस मिलिमीटर भरतो, आणि कारागीर मात्र आधी मॉड्यूल, म्हणजे दाताचे मेट्रिक माप, विचारतो व नंतर असे किती नग हवे आहेत हे विचारतो. “एक” या उत्तरानंतर संभाषण चहावर येते. मग परदेशी गिअर मागवला जातो. खेळण्यांवरील सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले होते, आणि अशा सीमाशुल्काची बातमी गृहस्थाला त्या वेळी प्रथमच व्यक्तिशः लागू होते.

राजोडी, कळंब किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर नियम आणखी बदलतात. कोरड्या वाळूत चाके रुतली असता थ्रॉटल वाढवणे म्हणजे क्लच भाजणे होय, म्हणून तेथे लहान पिनियन लावावा आणि रुतलेला ट्रक सरळ हाताने उचलावा. सुरूच्या काड्या धुऱ्यांना गुंडाळल्या जातात, त्या काढाव्यात. खारे पाणी बेअरिंगांना गंज चढवते, म्हणून घरी येताच इलेक्ट्रॉनिक भाग सांभाळून बेअरिंगे पुसावीत व त्यांना तेल द्यावे. नटाला पाना लावण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. एक जादा स्पर गिअर कायम घरात असावा. आणि ट्रक मुलाच्या वाढदिवसाचे निमित्त करून घेतलेला असल्यास, रिमोट अधूनमधून त्याच्याही हाती द्यावा.