बसल्या बसल्या डोंगर

वर्ध्याच्या माणसाला डोंगर चढायची हुक्की आली की तो आधी रेल्वेचं तिकीट काढतो. डोंगर म्हणजे सह्याद्री, हे आमच्या मनात पक्कं बसलेलं. नाशिककडचा मित्र कळसूबाईचे १६४६ मीटर तोंडावर फेकतो तेव्हा आम्ही आमच्या जिल्ह्यातल्या गरमसूर डोंगराचं नाव हळूच घेतो. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात त्याची उंची फुटांत दिली आहे. मीटरमध्ये साडेसहाशेही भरत नाहीत, म्हणून आम्ही फुटांतच बोलतो.

आमच्याकडचं देखणं डोंगराळ रान म्हणजे सेलू तालुक्यातलं बोर. १९७० साली अभयारण्य, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. चढ, नाले, साग, तेंदू, पायाखाली निसटणारा मुरूम, भटक्याला आणखी काय हवं? फक्त चालायला मनाई आहे. जिप्सीत बसायचं आणि खाली पाय ठेवायचा नाही. पायी हिंडण्याचा मान वाघाचा. तोही बहुधा आपल्यासाठी केलेल्या सपाट रस्त्यानंच हिंडतो, आणि आपण त्याला झुडपांत शोधत मान अवघडून घेतो.

हे त्या जिल्ह्यात, जिथल्या पवनारहून विनोबा १९५१ साली पायी निघाले आणि तेरा वर्षं चालत राहिले!

कुरकुर करतो खरा, पण मनाई योग्यच आहे. बोरचा बाजीराव वाघ २०१७च्या डिसेंबरात नागपूर–अमरावती महामार्ग ओलांडताना वाहनाच्या धडकेत गेला. त्याच्या वाटेत आपण किती घुसलो आहोत, याचा हिशेब तिथे कळतो.

पाय फारच शिवशिवत असतील तर समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडची टेकडी आहे. वर शेख फरीदबाबांचा दर्गा. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. बाबांची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल त्यांनी दगड करून टाकला, ही लोककथा; लाव्ह्यातल्या पोकळ्यांत साचलेलं झिओलाइट, हे भूगर्भशास्त्र. मला दोन्ही पटतं. मात्र चढताना थट्टामस्करी मी बेतानंच करतो.

मे महिन्यात जाऊ नका. वैदर्भी उन्हात ही टेकडी कळसूबाईला भारी पडते. थंडीत जा, पाणी भरपूर घ्या, आणि दगड तिथेच राहू द्या.