विसाव्या विद्यार्थ्यास अनावृत पत्र

प्रति,
माननीय दाखलपात्र बालक (पटावरील संभाव्य क्रमांक २०),
गोठ्याशेजारचे घर, वरची वाडी.

विषय : सन २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाचा समारोप व येत्या जूनमधील बदलांबाबत.

संदर्भ : १) आपल्या आजींशी ओट्यावर झालेली तोंडी चर्चा. २) पिवळ्या व्हॅनचे आपल्या अंगणातील वारंवार आगमन.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, आज दिनांक १ मे २०२५ रोजी सकाळी झेंडावंदन करून, प्रगतिपुस्तके वाटून आणि उरलेल्या चिक्क्या माकडांपासून वाचवून आमच्या शाळेचे वर्ष संपले. एकोणीसपैकी एकोणीस विद्यार्थी वरच्या वर्गात गेले. त्यांतले पाच चौथी ओलांडून डोंगराखालच्या गावी पाचवीला जातील. उरले चौदा. वाडीतली दाखलपात्र बालके सहा. चौदा अधिक सहा किती, हे आपणांस अद्याप शिकवलेले नाही. पण आमच्या शाळेच्या दृष्टीने याहून मोठे गणित सध्या कोणतेही नाही.

कारण असे की, २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद झाली. राज्यभरात त्या १४,७८३ भरल्या. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार पुढे आला आणि नमुना म्हणून पानशेत नि तोरणमाळची नावे घेतली गेली. तेव्हापासून आमची हजेरी घ्यायची रीत बदलली आहे. पूर्वी आम्ही वर्गात बसलेली मुले मोजायचो. आता वाडीत कुणाकडे पाळणा हलला ते मोजतो.

बरं, हे ‘आपणांस’ आता पुरे. ज्याचं नाक मी दोनदा पुसलंय त्याला महोदय म्हणताना माझीच जीभ वळेना. शाळापूर्व तयारी मेळाव्यात तू आला होतास, आठवतं? सात टेबलं मांडली होती. एका टेबलावर नावनोंदणी, एकावर उड्या, एकावर रंग, एकावर गप्पा, असं करत तू गणनपूर्व तयारीच्या टेबलाशी आलास. समोर दहा खडे ठेवले. तू म्हणालास, “खडे काय मोजायचे, ते कुठं पळतात?” आणि खिडकीतून बाहेरच्या शेळ्या मोजून दाखवल्यास. सतरा. शिवाय त्यांतली एक तुमची नाही, हेही सांगितलंस. विकासपत्रात याला रकाना नव्हता. मी ‘समाधानकारक’ लिहिलं.

आता येत्या जूनचे बदल सांगतो. घाबरू नकोस, यांतले बरेचसे म्हणजे आधीचे बदल मागे घेण्याचे बदल आहेत.

पहिला गणवेशाचा. गेल्या वर्षासाठी ठरलं होतं की राज्यातली सगळी मुलं एकसारखी दिसायला हवीत. आकाशी सदरा, गडद निळी पँट. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा कपडे निघाले होते म्हणे. पंधरा ऑगस्टला आमच्या मुलांनी आखूड झालेल्या जुन्याच चड्ड्यांत झेंड्याला सलामी दिली. पुढे गठ्ठा आला, तो सोडला, तर दुसरीतल्या पोराच्या वाट्याला बापाचा सदरा आणि चौथीतल्याच्या वाट्याला धाकट्या भावाचा. आम्ही दोघा शिक्षकांनी दुपारभर पोरं आणि सदरे यांची अदलाबदल करून पाहिली. शेवटी आमच्या लक्षात आलं की कपडे बरोबरच आहेत, मुलंच मापाबाहेर वाढलीत. (तसा अहवाल मात्र पाठवायचा राहिला. लिंक बंद झाली होती.) डिसेंबरात निर्णय फिरला आणि गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला, म्हणजे आधी होता तिथेच. दोन जोडांचे सहाशे रुपये. तेव्हा बाजाराच्या गावचा शिंपी वर येईल आणि तुझ्या खांद्याला टेप लावेल. सदरा शिवायच्या आधी घालणाऱ्याला मोजावं, इथवर आपण एका वर्षात येऊन पोचलो.

दुसरा बदल वह्यांचा. दप्तराचं ओझं हलकं व्हावं म्हणून दोन वर्षांपूर्वी पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली आणि एकेका पुस्तकाचे चार भाग केले. आमच्या तिसरीतल्या एकाने त्या चारही भागांतल्या पानांवर मिळून एकच बैल काढला. पहिल्या भागात शिंगं, चौथ्यात शेपूट. या जानेवारीत कोरी पानं रद्द झाली. बैलाचं काय करायचं, याचा आदेशात उल्लेख नाही.

अंड्याचं सांगताना मात्र जरा अडखळायला होतं. २०२३च्या नोव्हेंबरात पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. न खाणाऱ्याला केळं. स्वयंपाकीण काकूंना महिन्याला अडीच हजार मिळतात, पण अंड्याच्या दिवशी त्या जणू लग्नघरच्या आचारी असायच्या. त्यांचं म्हणणं, “गुरुजी, त्या दिवशी तापातली पोरंबी बरी होत्यात.” या जानेवारीत कळलं की अंडा पुलाव आणि गोड पदार्थ आता ऐच्छिक, त्याला वेगळा निधी नाही, लोकसहभागातून करावं. आमच्याकडे लोक म्हणजे तुझे आजोबा, आणि सहभाग म्हणजे त्यांच्या दोन कोंबड्या. म्हणजे तुमच्या घरची अंडी शाळेत यायची, काकूंनी उकडायची, आणि ती तू शाळेत बसून खायचीस. योजना म्हणून बघितलं तर तिच्यात खोट काढता येत नाही.

पहिलीचा अभ्यासक्रम नवा येतोय आणि त्याचा पहिला मानकरी तू. पुस्तक अजून आमच्या हाती नाही, तेव्हा त्याच्याविषयी आत्ताच वाईट बोलत नाही. भाषेचं असं आहे : १६ एप्रिलला निर्णय आला की पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा असेल. २२ तारखेला ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती मिळाल्याचं मंत्र्यांनी सांगितलं. शब्दाला स्थगिती मिळाली की भाषेचं काय होतं, हे आम्ही शिक्षकांच्या ग्रुपवर विचारलं. उत्तर म्हणून तीन अंगठे आणि एक ‘सुप्रभात’ आलं. तू जूनमध्ये येशील तोवर काय ठरायचं ते ठरेल. तुला शेळ्यांची भाषा येतेच. चार इयत्ता दोन शिक्षकांत शिकवायच्या असल्यामुळे ती मलाही थोडीफार यायला लागलीय.

वेळेचं सांगायचं राहिलं. चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नये, मुलांची झोप व्हावी, असं गेल्या वर्षी फेब्रुवारीत सांगितलं गेलं. आमची शाळा आधीपासूनच साडेदहाला भरते, त्यामुळे आदेश पाळायला कष्ट पडले नाहीत. दुसऱ्या शाळेची पिवळी व्हॅन मात्र पावणेसातला येते. आजी म्हणाल्या, ड्रायव्हर टाय बांधून देतो.

खरं तर या व्हॅनविषयीच लिहायचं होतं, आणि गणवेशात गुंतून पडलो. ती चार वर्षं तुमच्या दारावरून जातेय. तुझी ताई तेव्हा दप्तर घेऊन ओट्यावर उभी असायची, पण तिच्यासाठी ती कधी थांबली नाही, आणि व्हॅन थांबवा असं घरात कुणी म्हटल्याचंही माझ्या कानावर नाही. ताई आमच्याकडे आली. आज चौथी झाली. शाळेत तिच्याइतकं खणखणीत कुणी वाचत नाही. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा दिला तरी जाहिरातीसकट वाचते. शासन नियमात बसणाऱ्या मुलींना, त्यांनी शाळेत यावं म्हणून, रोज एक रुपया उपस्थिती भत्ता देतं. हा रुपया १९९२ साली ठरला आणि तीस वर्षं उलटली तरी रुपयाच राहिला. वर्षाचे जास्तीत जास्त २२०, चार वर्षांचे ८८०. तुझ्या व्हॅनचं एका महिन्याचं भाडं हजार होईल, असं आजी सांगत होत्या.

जूनपासून ताई पायवाटेने खाली उतरून पाचवीला जाईल. पावसात ओढ्यापाशी तिला कुणीतरी सोबत लागेल, तेवढं घरात बोलून ठेव.

कागदपत्रांचं : जन्मदाखला आणि आधार कार्ड घेऊन ये. ३१ डिसेंबरपर्यंत तुला सहा पूर्ण होतात, तेव्हा वयाची अडचण नाही. पण दाखल्यावरची आणि आधारवरची जन्मतारीख वेगवेगळी आहे. पोर्टलला तू दोन मुलं वाटशील. पटाच्या दृष्टीने ते सोयीचं होतं. मी चौकशी केली, तसं चालत नाही.

शाळा १६ जूनला, सोमवारी भरेल. प्रवेशोत्सवात तुला बैलगाडीतून आणायचं ठरलंय. गाडी तुमचीच आहे, तेव्हा आजोबांना आदल्या दिवशी आठवण कर. पाण्याच्या टाकीवर चढून मी फोटो काढीन. रेंज तिथेच येते, आणि फोटो त्याच दिवशी वर जायला हवा. हसलास तर उत्तम. रडलास तरी चालेल, पण पाठमोरा रड.

आपला विश्वासू,
प्रभारी मुख्याध्यापक, तथा पहिली-दुसरीचा वर्गशिक्षक, तथा आहार-नोंदवही लेखक, तथा घंटा.

प्रत माहितीस्तव :
१) आजी. (वाचून दाखवणार : ताई.)
२) पिवळ्या व्हॅनचे चालक. पावणेसातला वाडीतली तान्ही मुले झोपलेली असतात, ती आमची पुढची पटसंख्या आहे. कृपया हॉर्न हळू वाजवावा.
३) ताई. वाचताना व्हॅनचा परिच्छेद आला की तो मोठ्याने वाचायचा की गाळायचा, हे तिने ठरवावे.